नोकरीवरून काढलं तर: पहिला आठवडा, योग्य दरवाजा आणि ९० दिवस

काढल्याचा कागद बहुतेकांच्या हातात पडतच नाही. सकाळी पंचिंग लागत नाही, गेटवरचा ओळखीचा सिक्युरिटीवाला नजर चुकवत म्हणतो, "एचआरशी बोला," आणि एचआरचा फोन कुणी उचलत नाही. ऑफिसात काम करणाऱ्याचं लॉगिन बंद होतं. माणूस घरी येतो, दोन-चार दिवस कुणाला सांगत नाही, ओळखीपाळखीतून रदबदली करून बघतो. महिना जातो. मग कंपनीचं पत्र येतं: "आपण विनापरवानगी गैरहजर आहात."

पुढचा सगळा खटला या एका वाक्याभोवती फिरतो. मालक म्हणणार, आम्ही काढलंच नाही, हाच यायचा थांबला. तुम्ही म्हणणार, मला गेटवर अडवलं. पाच वर्षांनी न्यायाधीशांसमोर दोन्ही बाजू शपथेवर बोलत असतील, तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणी काय लिहून ठेवलं होतं यावर पारडं झुकतं. म्हणून वकील शोधण्याआधी पेन शोधा. हा लेख महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी आहे. इतर राज्यांत काही दरवाजे वेगळे असतात.

पहिले दोन दिवस: एक पत्र

अडवल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी हे पत्र पाठवा. भाषा साधी ठेवा, राग नको, कायद्याची कलमं नकोत.

"मी आपल्या आस्थापनेत (तारीख) पासून ऑपरेटर म्हणून काम करतो. दिनांक (तारीख) रोजी सकाळी ७ वाजता पहिल्या पाळीसाठी आलो असता मला गेटवर अडवण्यात आले व कामावरून कमी केल्याचे तोंडी सांगण्यात आले. मला कोणतीही नोटीस, आरोपपत्र किंवा लेखी आदेश मिळालेला नाही. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर हजर होण्यास आजही तयार आहे. मला कामावर घ्यावे, अन्यथा कमी केल्याचा कारणासह लेखी आदेश द्यावा."

ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पोचपावतीसह. पोस्टाची साधी रजिस्टर्ड सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे 'रजिस्टर एडी' मागितलं तर काउंटरवर हेच मिळेल. पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद ठेवा, बंद पाकीट हाच पुरावा आहे. पत्र पाठवून झाल्यावरही तीन-चार दिवस पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन या, शक्यतो बरोबर कुणीतरी असू द्या.

कंपनीचं "गैरहजर आहात, हजर व्हा" असं पत्र आलंच तर त्याला उत्तर न देणं ही सगळ्यात महागडी चूक. त्याच दिवशी लिहा: मी हजर होतो, मला घेतलं गेलं नाही, उद्या पुन्हा येतो. आणि खरोखर जा.

राजीनामा लिहून घेतला असेल तर

केबिनमध्ये बोलावून "स्वतःहून लिहून दे, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल" असं सांगणं फार चालतं. सही झाली असेल तरी सगळं संपत नाही, पण दर तासाला हात कमकुवत होत जातो. त्याच दिवशी ईमेल करा: आज दुपारी अमुक वाजता अमुक पदावरच्या व्यक्तींच्या उपस्थितीत माझ्याकडून दबावाखाली राजीनामा घेण्यात आला, तो मी मागे घेत आहे, मला काम करायचं आहे. कोंडून ठेवलं किंवा धमकावलं असेल तर पोलिसांतही लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. दोन महिन्यांनी "माझ्याकडून जबरदस्तीने घेतला होता" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच: मग इतके दिवस गप्प का होतात?

हिशेबाचा कागद पुढे केला आणि पैशांची गरज असेल तर पैसे घ्या, पण सहीजवळ हाताने "हक्क राखून स्वीकारले" असं लिहा. "माझे कंपनीकडे काहीही येणे शिल्लक नाही व मला नोकरीवर हक्क नाही" अशा छापील मजकुराखाली कोरी सही करू नका.

कागद गोळा करणं

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्षात २४० दिवस काम केलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची आहे, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. हे २४० दिवस महत्त्वाचे, कारण सलग सेवेची मोजणी त्यावर होते आणि नुकसानभरपाईचा हक्क तिथून सुरू होतो. साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी रजा या मोजणीत धरतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

नेमणूकपत्र नसेल तर घाबरू नका, कितीतरी ठिकाणी ते दिलेलंच नसतं. बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, बोनसची पावती, ओळखपत्र, पाळीचं वेळापत्रक आलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सुपरवायझरचे "उद्या लवकर ये" असे मेसेज, हे सगळं चालतं. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोन विकू नका. डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण जवळ असलेलं बरं.

एक सावधगिरी. रागाच्या भरात कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या, ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन येऊ नका. तुमच्याविरुद्ध काही नसताना त्यांच्या हातात तुम्ही आयता आरोप द्याल.

कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण

काढणं कितीही अन्यायाचं असो, चुकीच्या दरवाज्यावर गेलात तर तिथून परत यायला वर्षं जातात. पदाच्या नावावर जाऊ नका. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' असेल, पण दिवसभर बिलं भरणं आणि एक्सेल जुळवणं हेच काम असेल, तर कायदा त्याला कामगार धरू शकतो. हाताखाली माणसं आहेत का, त्यांची रजा तुम्ही मंजूर करता का, कारवाई करता का, असं प्रत्यक्ष काम तपासलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. या संहितेनुसार हाताने करायचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारे सगळे 'कामगार'. त्यांना पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना: महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असेल तर ते बाहेर. प्रत्यक्ष व्यवस्थापन किंवा प्रशासन करणारेही बाहेर.

बाहेर असलेल्यांची वाट अवघड आहे, हे सरळ सांगतो. व्यवस्थापकाला दिवाणी न्यायालयात करारभंगाची भरपाई मिळते, बहुधा नोटीस कालावधीच्या पगाराइतकी, आणि दाव्याची मुदत ३ वर्षं. "मला परत कामावर घ्या" असा आदेश खासगी मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालय सहसा देत नाही. अशांनी नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम नीट वाचावं, चांगली कायदेशीर नोटीस पाठवावी आणि तडजोडीवर भर द्यावा.

बाकीचे दरवाजे असे. खासगी मान्यताप्राप्त शाळा व कनिष्ठ कॉलेजांतले (अनुदान असो वा नसो) शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे जातात आणि त्यांना फक्त ३० दिवस असतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी खात्यातलं अपील करायचं, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. तिथे अंतिम आदेशापासून १ वर्ष. एसटीचे चालक-वाहक स्वतःला सरकारी समजतात, पण त्यांचा दरवाजा कामगार न्यायालयाचाच. राष्ट्रीयीकृत बँका, रेल्वे, खाणी यांच्या बाबतीत केंद्र सरकारची यंत्रणा येते आणि प्रकरण मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातं.

काढणं बेकायदेशीर कधी ठरतं

मालकाला कामावरून काढता येतच नाही, असा समज घेऊन येणारे खूप असतात. तसं नाही. दोन वाटा त्याला मोकळ्या आहेत, पण दोन्हींवर अटी आहेत.

पहिली, काम कमी झालं म्हणून कपात. इथे गैरवर्तनाचा आरोप नसतो. वर्षभर सलग सेवा झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी आलेला आधी जातो, हा नियम मोडला तर कारण लिहून ठेवावं लागतं. नंतर भरती काढली तर कपात झालेल्यांना आधी विचारायचं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे: कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायचा. ठरावीक मुदतीचा करार संपला म्हणून नोकरी गेली तर मात्र ती कपात धरत नाहीत.

दुसरी, गैरवर्तनासाठी बडतर्फी. इथे चौकशी लागते. चौकशीशिवाय किंवा नावापुरत्या चौकशीनंतर काढलं, तर आव्हानाला जागा आहे. अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात (कामगारांच्या तोंडी 'पल्प', आणि तक्रारीला म्हणतात 'यूएलपी टाकली', म्हणजे 'अनफेअर लेबर प्रॅक्टिस'ची तक्रार) अनुचित प्रथांची यादी आहे आणि ती वाचताना ओळखीचे चेहरे दिसतात. युनियन केली म्हणून सूड, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवणं, उघड खोटी कारणं, गैरहजेरीचा बनावट आरोप, नैसर्गिक न्याय धुडकावून किंवा घाईघाईने केलेली चौकशी, आणि किरकोळ चुकीला नोकरी घालवण्याइतकी मोठी शिक्षा. प्रसूती रजेवर असताना काढणं तर वेगळंच बेकायदेशीर.

प्रोबेशनवरच्याला काढणं मालकाला सोपं असतं, पण "काम समाधानकारक नाही" या वाक्याआड खरं कारण चोरीचा आरोप असेल, तर न्यायालय पडदा बाजूला करून बघतं.

चौकशी चालू असेल तर

ज्यांना अजून काढलेलं नाही, फक्त आरोपपत्र मिळालं आहे, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त करण्यासारखं असतं. आणि नेमके तेच "सगळं आधीच ठरलंय" म्हणून चौकशीवर बहिष्कार टाकतात. असं करू नका. चौकशी एकतर्फी झाली की पुढे तुमच्या तोंडून निघालेलं एकही वाक्य रेकॉर्डवर नसतं.

आरोपपत्राला मुदतीत उत्तर द्या. आरोप मोघम असेल ("आपण वरिष्ठांशी उद्धटपणे वागलात") तर तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द मागा. आरोपाला आधार दिलेल्या कागदांच्या प्रती मागा. कामकाज आणि कागद मराठीत हवेत, बरोबर सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी हवा, हे पहिल्याच तारखेला लेखी मागा. नाकारलं तर नोंद करायला सांगा. कंपनीच्या प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घ्या. दोनच प्रश्न सुचले तरी दोन विचारा. रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीवर, सही करण्याआधी वाचा. तुम्ही बोललेलं त्यात नसेल तर सहीखाली तसं लिहा. चौकशी अधिकारी कंपनीने पैसे देऊन नेमलेला असतो, यात लपवण्यासारखं काही नाही आणि तेवढ्यावर चौकशी रद्दही होत नाही. त्याने काय नाकारलं, त्यावर ती रद्द होते.

निलंबन असेल तर निर्वाह भत्ता मागा: पहिल्या ९० दिवसांसाठी ५० टक्के, आणि उशीर तुमच्यामुळे झाला नसेल तर पुढे ७५ टक्के.

बडतर्फीची 'कारणे दाखवा' नोटीस आली की थांबू नका. प्रत्यक्ष काढण्याआधीही, काढायची तयारी चालू आहे या टप्प्यावर यूएलपी दाखल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. न्यायालय तेव्हा अंतरिम आदेश देऊ शकतं. नोकरीत असतानाची स्थगिती ही नोकरी गेल्यानंतरच्या दहा तारखांपेक्षा मोलाची.

अर्ज कुठे आणि कधी

कामगाराला दोन वाटा आहेत.

एक, समेटाची. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यायचा. सरकारी कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. इथे वकील चालत नाही, युनियनचा माणूस चालतो. अधिकारी निकाल देत नाही, त्यामुळे मालक आला नाही तर निराश होऊ नका. अर्जाला ४५ दिवस होऊनही मिटलं नाही तर तुम्ही स्वतः थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकता. काढल्यापासून २ वर्षांच्या आत हे झालं पाहिजे. जुन्या कायद्यात ही मुदत ३ वर्षं होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तीच आहे. ती विसरा.

दुसरी वाट यूएलपीची, थेट कामगार न्यायालयात, घटनेपासून ९० दिवसांत. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवून द्यावं लागतं. केंद्राच्या संहितेने जे तीन कायदे रद्द केले त्यांत महाराष्ट्राचा हा १९७१ चा कायदा नाही. तरी संहितेतही अनुचित प्रथांची स्वतःची यादी असल्याने समोरचा वकील "ही तक्रार इथे चालत नाही" असा मुद्दा काढणार, हे धरून चाला. एकाच कारणासाठी दोन्ही वाटांवर एकदम चालता येत नाही, म्हणून वाट निवडण्याआधी कामगार कायद्याचंच काम करणाऱ्या वकिलाशी बोला. आणि मनात मुदत मोजताना सगळ्यात आखूड तीच धरा: ९० दिवस. एवढं पाळलं की कामगाराच्या या दोन वाटांपैकी कुठलीच बंद होत नाही.

कंत्राटी कामगारांनी इथे जपून पाऊल टाकावं. पगार ठेकेदाराच्या नावाने आणि काम मूळ कंपनीत, अशी स्थिती असेल आणि कंपनी "हा आमचा माणूसच नाही" म्हणत असेल, तर यूएलपी टिकत नाही. मालक-कामगार नातं आधी विवादात सिद्ध करावं लागतं. अशांना समेटाचीच वाट.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं.

खटल्याच्या निकालाशी संबंध नसलेले पैसे

हे पैसे तुमचेच आहेत, त्यासाठी भांडण संपण्याची वाट बघू नका. वेतन संहितेनुसार काढल्यापासून किंवा राजीनाम्यापासून २ कामाच्या दिवसांत बाकी पगार द्यावा लागतो. पीएफ कुणी अडवू शकत नाही. ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. हिशेब सोपा आहे: मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२०० रुपये आणि सेवा ७ वर्षं असेल, तर १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५, गुणिले ७, एकूण ७३,५०० रुपये. बडतर्फ केलं म्हणून ग्रॅच्युइटी आपोआप जात नाही. मालमत्तेचं नुकसान, दंगा-हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा मोजक्या कारणांसाठीच ती रोखता येते.

न्यायालयात काय होतं

चौकशी झाली असेल तर आधी ती न्याय्य होती का, हा प्राथमिक मुद्दा ठरतो. ती सदोष ठरली म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. मालकाला आरोप न्यायालयात पुन्हा सिद्ध करायची संधी मिळते. पहिल्या टप्प्यावर पेढे वाटणाऱ्यांना हे नंतर कळतं.

पुढचा प्रश्न बुडालेल्या पगाराचा. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काढणं बेकायदेशीर ठरलं तर कामावर परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र "या काळात मी दुसरीकडे कमावत नव्हतो" हे तुम्ही आधी सांगावं लागतं, मग उलट सिद्ध करणं मालकावर येतं. म्हणून कुठे अर्ज केले, कुठून नकार आला, याची वही ठेवा. पोटासाठी छोटंमोठं काम करावंच लागतं, ते लपवू नका. उलटतपासणीत बँकेचं स्टेटमेंट समोर येतं. मालक उच्च न्यायालयात गेला तर तिथे निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार मागण्याची तरतूद आहे, आणि ती मागावी लागते.

रोजंदारीवर थोडी वर्षं काम केलेल्यांना अलीकडे पुन्हा नोकरीऐवजी एकरकमी भरपाई मिळण्याकडे कल आहे. तडजोडीचा आकडा ठरवताना हे ध्यानात ठेवा. तडजोड झाली तर ती न्यायालयात नोंदवून घ्या, धनादेशाच्या तारखांसह.

आणि एखाद्या तारखेला मालकाचा वकील अचानक उभा राहून म्हणाला, "आम्ही काढलेलंच नाही, उद्यापासून कामावर यावं," तर चिडून नाही म्हणू नका. मागच्या पगाराचा हक्क राखून येतो, असं तिथेच रेकॉर्डवर घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळेला गेटवर उभे राहा. आत घेतलं तर हजेरीची नोंद मागा. नाही घेतलं तर त्याच दुपारी पुन्हा तेच पत्र, नव्या तारखेचं.